अधेलीचा संच : आठ आण्यांत मावलेली पावणेदोनशे वर्षं

हा भाग ऐकायला इयरफोन लावण्याआधी एक काम करा. घरात बिस्किटाचा तो जुना पत्र्याचा डबा असेल ना, ज्यात बिस्किटं सोडून सगळं असतं, सुई-दोरा, बटणं, कुणाची तरी जुनी किल्ली? त्यात हात घाला. तळाशी आठाण्याचं एखादं नाणं नक्की सापडेल. ते काढून समोर ठेवा आणि मग ऐका.

माझी आजी त्याला आठाणे म्हणायची नाही. ती म्हणायची अधेली. दोन आण्यांची चवली, चार आण्यांची पावली आणि आठ आण्यांची अधेली. सोळा आणे म्हणजे पूर्ण रुपया. म्हणूनच आपण आजही एखादी गोष्ट 'सोळा आणे खरी' म्हणतो. आणे बंद होऊन सहा दशकं उलटली तरी. आजी गेल्यावर तिच्या डब्यातून मला तीन अधेल्या मिळाल्या आणि वाशीमात बसल्या बसल्या मला हे खूळ लागलं, की अर्ध्या रुपयाचा पूर्ण संच जमवायचा.

आता पूर्ण म्हणजे किती, हा पहिला प्रश्न. अमेरिकेत अर्ध्या डॉलरची नाणी जमवणारे लोक भोकं पाडलेली पुठ्ठ्याची पुस्तकं घेतात. प्रत्येक वर्षाला, प्रत्येक टांकसाळीला एक भोक. आपल्याकडेही असं करता येतं. नाण्यावर सालाच्या खाली बघा : लहानसा चौकटसारखा आकार असेल तर मुंबई, तारा असेल तर हैदराबाद, साधा गोल ठिपका असेल तर नोएडा, आणि काहीच नसेल तर कोलकाता. पण साल गुणिले टांकसाळ असा हिशेब मांडलात तर आयुष्य जाईल आणि पगारही. माझं म्हणणं असं, की प्रत्येक प्रकारचं एकच नाणं घ्यावं. राजा बदलला, धातू बदलला, चित्र बदललं, तरच नवीन नाणं. असे मोजकेच नग होतात. विद्यार्थ्याच्या खिशाला हे झेपतं, आणि प्रत्येक नाणं का बदललं याची गोष्टही सांगता येते. गोष्ट नसलेलं नाणं नुसतं ठेवून काय करायचं?

सुरुवात १८३५ पासून. त्या साली ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या सगळ्या मुलखासाठी एकसारखं नाणं आणलं, वर राजा चौथा विल्यम. पण गंमत अशी, की तेव्हा आपलं वाशीम कंपनीच्या राज्यात नव्हतंच. वऱ्हाड निजामाचं होतं. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात गेलं आणि कागदोपत्री आपलं नाव पडलं 'हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स'. त्यामुळे विल्यमची अधेली माझ्या संचात आहे खरी, पण ती मला पाहुण्यासारखी वाटते.

आपल्या मातीतलं पहिलं खरं नाणं म्हणजे १८६२ ची व्हिक्टोरिया. आधीच्या १८४० च्या नाण्यावर मागे 'ईस्ट इंडिया कंपनी' लिहिलेलं असतं. १८६२ च्या नाण्यावर फक्त 'इंडिया'. मधे १८५७ झालं होतं, कंपनी गेली होती. आणि नेमक्या त्याच वर्षांत अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं. तिथला कापूस इंग्लंडला पोचेना, म्हणून मँचेस्टरच्या गिरण्या वऱ्हाडच्या कापसाकडे वळल्या. कारंजासारख्या कापसाच्या बाजारपेठांत रोख चांदी खुळखुळू लागली. तेव्हा गावागावात बँक कुठे होती? शेतकऱ्याकडे आलेली चांदी बायकोच्या गळ्यात आणि पायात गेली. अमेरिकेतल्या लढाईचा पैसा आपल्याकडे दागिना होऊन राहिला. ही मंडळी आपल्याला शाळेत शिकवलेल्या इतिहासात कधी भेटत नाहीत.

१८७७ नंतर व्हिक्टोरिया 'एम्प्रेस' झाली, मग आला मुकुट न घातलेला, टकल्या एडवर्ड. त्याच्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पुढचा पाचवा जॉर्ज मात्र भलताच मजेदार. १९११ च्या नाण्यावर राजाच्या अंगावरच्या झग्यावर एक हत्ती कोरला होता. हत्ती इतका बारीक आणि सोंड इतकी आखूड, की लोकांना ते डुक्कर वाटलं. मुसलमान समाजात नाराजी पसरली, नाणी मागे घेतली आणि १९१२ पासून हत्तीची सोंड व्यवस्थित लांब करून दिली. म्हणून १९११ चं नाणं संचात हवंच.

मग पहिलं महायुद्ध. चांदी संपत आली. रुपये पाडायला चांदी नाही आणि लोक नोटा घेऊन चांदी मागायला दारात उभे. तेव्हा १९१८ मध्ये अमेरिकेने कायदा करून आपले चांदीचे डॉलर वितळवले आणि सुमारे २० कोटी औंस चांदी ब्रिटिश हिंदुस्थानला विकली. म्हणजे तुमच्या पणजीच्या हातातल्या रुपयात कुणा अमेरिकन माणसाचा डॉलर विरघळलेला असू शकतो! तरीही पुरेना, म्हणून १९१९ मध्ये तांबं-निकेलची अधेली काढली. लोकांनी तिला दाद दिली नाही, खोट्या नाण्यांचा सुळसुळाट झाला आणि काही वर्षांतच ती परत घेतली. माझ्या संचात ही जागा अजून रिकामी आहे, आणि तिच्यासाठी मी घाई करणार नाही. कारण सांगतो.

ओळखायचं कसं? सोनाराच्या तराजूवर. जुना रुपया म्हणजे एक तोळा, म्हणून अधेली म्हणजे अर्धा तोळा : ५.८३ ग्रॅम. सोनार वजन म्हणून सरळ रुपयेच वापरायचे. बाराव्या भागाची भेसळ, बाकी चांदी. झिजलं तर थोडं कमी भरेल, पण बरंच जास्त किंवा बरंच कमी भरलं तर हात जोडा आणि उठा. दुसरी गोष्ट, नाणं घासू नका. चिंच नाही, रांगोळी नाही, टूथपेस्ट तर अजिबात नाही. काळपट थर म्हणजे त्याचं वय आहे. चकचकीत केलेलं नाणं संग्राहक घेत नाही. मी माझ्या आजीची एक अधेली अशीच घासून बसलो आहे. ती अजूनही संचात आहे, पण तिच्याकडे बघायला लाज वाटते.

१९४० ला सरकारने एक खेळ केला. दुसरं महायुद्ध सुरू झालं होतं, म्हणून सहाव्या जॉर्जच्या नाण्यातली चांदी निम्म्यावर आणली. लोक हुशार. जुनी चांगली चांदी घरात, नवी फुसकी बाजारात. शेवटी सरकारने जुनी नाणी चलनातून काढायला सुरुवात केली; व्हिक्टोरियाची १९४१ मध्ये बंद झाली, पुढे एडवर्डची आणि जॉर्जची. मग १९४४ च्या सुमारास पुन्हा अमेरिका आली. या वेळी विकत नाही, उसनी : सुमारे २२.६ कोटी औंस चांदी, युद्धानंतर परत करायच्या बोलीवर. परत द्यायची म्हणून चांदीची नाणी गोळा करायची आणि त्यांच्या जागी काय? निकेल. १९४६ च्या अधेलीवर राजाच्या मागे पट्टेदार वाघ आला. बाजारातून गोळा केलेली निम्म्या चांदीची नाणी कलकत्त्यात शुद्ध करून ती चांदी जहाजाने अमेरिकेला गेली. राज्य आपलं झालं, उसनवारी मात्र फेडावी लागली.

१९५० ला वाघाच्या जागी गव्हाच्या लोंब्या आल्या आणि राजाच्या जागी सिंहस्तंभ. 'आधा रुपया' असं देवनागरीत लिहिलेलं. माझ्या मते सगळ्या संचात सर्वांत देखणं नाणं हेच, आणि ते अजूनही स्वस्तात मिळतं. १ एप्रिल १९५७ ला दशमान आलं, आणे गेले, नये पैसे आले. एक आणा म्हणजे सव्वासहा नये पैसे, तर बाजारात केवढी भांडणं झाली असतील विचार करा. पण अधेलीला काहीच झालं नाही. आठ आणे म्हणजे बरोब्बर पन्नास. पन्नास नये पैशांचं स्वतंत्र नाणं तर १९६० ला आलं, त्यावर 'रुपये का आधा भाग' असं लिहून. तोवर जुनी अधेलीच पन्नास नये पैसे म्हणून चालली.

१९६४ ला एक योगायोग घडला. अमेरिकेने खून झालेल्या केनेडींचा चेहरा अर्ध्या डॉलरवर आणला. आपल्याकडे मे महिन्यात नेहरू गेले आणि त्याच साली त्यांचा चेहरा पन्नास पैशांवर आला. तिकडे लोकांनी केनेडींची चांदीची नाणी आठवण म्हणून घरात कोंडली. आपलं नाणं निकेलचं, ते चलनात फिरत राहिलं. नेहरूंचं पन्नास पैशांचं नाणं दोन प्रकारचं आहे, एकावर नाव इंग्रजीत, एकावर हिंदीत. दोन्ही घ्या. आणि १९७३ चं 'अधिक अन्न पिकवा' वालं विसरू नका. ते आपल्या बापजाद्यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर खडी फोडलेल्या हातांत घेतलंय. नंतरची १९८८ ची पोलादी, संसद भवनवाली, २००८ ची मुठीवाली आणि २०११ ची, ही तुमच्याच घरात सापडतील. चार आणे ३० जून २०११ ला कायमचे बंद झाले, पन्नास पैसे मात्र आजही कायदेशीर चलन आहे. दुकानदार नाक मुरडेल, पण कायद्याने दहा रुपयांपर्यंतची रक्कम तुम्ही त्यात देऊ शकता. वीस नाणी मोजून बघा हिंमत असेल तर!

बरं, मोबाईलवर 'हे नाणं असेल तर लाखो मिळवा' असे व्हिडिओ दिसतील. मला पहिल्या महिन्यात एकाने फोन केला, आधी 'नोंदणी शुल्क' भरा म्हणाला. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलंय, की असे व्यवहार आम्ही करत नाही आणि त्यासाठी कुणाला नेमलेलंही नाही. शुल्क मागितलं की फोन ठेवायचा. खरा धोका मात्र वेगळाच आहे. चांदीचा भाव किलोला लाख धरला, तर एका जुन्या अधेलीत पाचशेच्या वर चांदी. कमी दर्जाची नाणी सोनाराच्या मुशीत जातात, त्यात कडी लावलेली सगळ्यांत आधी.

आणि कडी लावलेली आपल्या जिल्ह्यात खूप आहेत. मानोऱ्याकडच्या तांड्यात एका म्हाताऱ्या याडीच्या गळ्यात मी अधेल्यांचा हार पाहिला. व्हिक्टोरिया, एडवर्ड, जॉर्ज, सगळे ओळीने. पाचव्या जॉर्जचं एक नाणं उलटून पाहिलं आणि माझा श्वास थांबला. १९११. संचात तेव्हा ते नव्हतं. मी विचारलं, "याडी, एवढं एक द्याल का? बदल्यात चांदी देतो, वर पैसेही."

ती म्हणाली, "माह्या आईनं ओवलंय हे. एक काढलं तं हार लहान नाही होणार?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिचा नातू शहरात सोनाराकडे भाव विचारून आला होता हे मला ठाऊक होतं, तरी मी काही बोललो नाही. परवानगी घेऊन मोबाईलने नाण्याचे दोन्ही बाजूंचे फोटो काढले. संचात १९११ च्या भोकात आता तोच छापलेला फोटो आहे. दुसरी प्रत मोठी करून, लॅमिनेट करून मी पुढच्या वेळी तिला नेऊन दिली. तिने चष्मा लावला, झग्यावरच्या हत्तीवर बोट ठेवलं आणि पोट धरून हसायला लागली. "साठ वर्षं गळ्यात घालतो मी हे," ती म्हणाली, "अन् हा तं डुक्करच हाय ना रे!"