कोनीय संवेग, संवेग आणि भाभांची तरंगसमीकरणे

दोन क्रियांचा क्रम पालटला असता फल पालटते, हा अनुभव व्यवहारातही येतो. भिवंडीच्या एखाद्या नाक्यावर पूर्वाभिमुख उभा असलेला प्रवासी दहा पावले चालून डावीकडे वळला, तर तो नाक्याच्या पूर्वेस असतो. आधी वळून मग चालला, तर उत्तरेस. परिभ्रमण व स्थानांतर यांतील हा क्रमभेद पुंजयामिकीत कोनीय संवेग आणि संवेग यांच्या कारकांतील क्रमविनिमय-संबंधाचे रूप घेतो. क्ष-अक्षाभोवतीचा कोनीय संवेग आणि य-दिशेचा संवेग यांचे दोन क्रमांनी केलेले गुणाकार परस्परांतून वजा केल्यास बाकी ज्ञ-दिशेच्या संवेगाच्या प्रमाणात उरते. अक्ष व दिशा एकच असतील, तर बाकी शून्य येते.

अभिजात यामिकीत हा संबंध प्वासाँच्या कंसांच्या रूपाने ज्ञात होता. त्या कंसांचे पुंजयामिकीतील क्रमभेदाशी असलेले साम्य डिरॅक यांनी १९२५ मध्ये ओळखले. त्याच सुमारास बॉर्न, हायझेनबर्ग व यॉर्दान यांनी कोनीय संवेगाचे संबंध आव्यूहांच्या साहाय्याने मांडले. १९३९ मध्ये विग्नर यांनी विचाराची दिशाच उलटविली: अवकाश-कालातील परिभ्रमणे व स्थानांतरे यांचा समूह प्रथम घ्यावा, आणि कणांचे प्रकार त्यावरून ठरवावेत.

मुंबईत जन्मलेले होमी भाभा यांचे १९४५ मधील कार्य या संदर्भात पाहिले पाहिजे. त्यांच्या तरंगसमीकरणात संवेगाच्या प्रत्येक घटकास एक आव्यूह गुणिलेला असतो. संवेगाचे कोनीय संवेगाशी जे नाते, तेच या आव्यूहांचे परिभ्रमण-कारकांशी असणे सापेक्षतेच्या तत्त्वानुसार अपरिहार्य ठरते. परंतु संवेगाचे घटक आपापसांत क्रमनिरपेक्ष असतात, तसे हे आव्यूह नसतात. त्यांच्या क्रमभेदातूनच परिभ्रमण-कारक निर्माण व्हावेत, अशी अट भाभांनी घातली. परिवलन अर्धा असता या अटीतून डिरॅक यांचे समीकरण मिळते, आणि एक असता डफिन व केमर यांचे. परिवलन दीड असता मात्र एकाच समीकरणातून ३:१ या प्रमाणातील दोन वस्तुमाने निघतात.

ज्ञात कणांच्या वर्णनात उच्च परिवलनाच्या या समीकरणांना स्थान मिळाले नाही. तथापि क्रमविनिमय-संबंधांपासून आरंभ करण्याची दृष्टी फलदायी ठरली. बंगळूर येथे भाभांसमवेत काम केलेले हरीशचंद्र पुढे केंब्रिजला डिरॅक यांच्याकडे गेले. त्यांनी १९४७ मध्ये लोरेंत्झ समूहाच्या अनंत-मितीय प्रतिरूपणांचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि त्याच वाटेने ते शुद्ध गणिताकडे वळले.