पिल्टडाउनची कवटी

इंग्लंडच्या ससेक्स परगण्यात पिल्टडाउन नावाचे एक लहानसे खेडे आहे. तेथील खडीच्या खाणीतून निघालेल्या एका कवटीने मानववंशशास्त्रज्ञांना चाळीस वर्षे चकवले. या प्रकरणात एका कॅथलिक धर्मगुरूचे नावही गोवले गेले असल्याने ते मुळापासून जाणून घेणे उचित ठरेल.

चार्ल्स डॉसन हे पेशाने वकील. जीवाश्म व पुराणवस्तू जमवणे हा त्यांचा छंद. १८ डिसेंबर १९१२ रोजी लंडनच्या भूविज्ञान संस्थेच्या सभेत त्यांनी व ब्रिटिश म्युझियमचे आर्थर स्मिथ वुडवर्ड यांनी ही कवटी जगापुढे ठेवली. कवटीचे तुकडे मानवाचे, खालचा जबडा मात्र वानरासारखा. पण त्यातील दोन दाढा माणसाच्या दाढांप्रमाणे सपाट झिजलेल्या! जबडा कवटीला जेथे सांधला जातो तो भाग नेमका तुटलेला होता. त्यामुळे ही दोन्ही हाडे एकाच देहातील आहेत काय, हे पडताळण्याची सोयच उरली नव्हती.

पियेर तेयार द शार्दँ हे तरुण फ्रेंच येशूसंघीय त्या काळी ससेक्समधीलच हेस्टिंग्ज येथे ईशज्ञानाचा अभ्यास करीत होते. १९११ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. जीवाश्मांच्या ओढीने त्यांचा डॉसनशी परिचय झाला व तेही उत्खननात हातभार लावू लागले. ३० ऑगस्ट १९१३ रोजी त्यांना खडीत एक सुळा सापडला. वुडवर्ड यांनी आपल्या प्रतिकृतीत केवळ अनुमानाने बसवलेल्या सुळ्याशी तो विलक्षण जुळत होता. इतके जुळणे हेच खरे तर संशयाचे कारण व्हावयास हवे होते.

संशय घेणारे नव्हतेच असे नाही. लंडनच्या किंग्ज कॉलेजातील डेव्हिड वॉटरस्टन यांनी १९१३ सालीच हा जबडा वानराचा असल्याचे बजावले होते. परंतु १९१५ मध्ये डॉसन यांनी जवळच्याच दुसऱ्या जागी आणखी काही तुकडे सापडल्याचे कळवले आणि पुष्कळांचा विरोध मावळला. मानवाचा मेंदू आधी वाढला आणि दात-जबडे मागाहून बदलले, हे त्या वेळचे लाडके मत होते. शिवाय आद्य मानव इंग्रज निघाल्याचा आनंद वेगळाच! १९२५ साली रेमंड डार्ट यांनी दक्षिण आफ्रिकेतील टाँगच्या बालकाची कवटी प्रसिद्ध केली. मेंदू लहान, दात मात्र माणसासारखे. तिची दीर्घकाळ उपेक्षा झाली, त्यास पिल्टडाउनही कारणीभूत होते.

जमिनीत पुरलेले हाड भूजलातील फ्लोरिन हळूहळू शोषून घेते. केनेथ ओकली यांनी १९४९ साली या कसोटीवर ती हाडे तपासली, तेव्हा ती सांगितली जात होती तितकी प्राचीन नाहीत असे दिसले. मग ऑक्सफर्डचे जोसेफ वायनर यांनी चिंपांझीच्या दाढा कानशीने घासून व रंगवून पाहिल्या. पिल्टडाउनच्या दाढांशी त्यांचे साम्य थक्क करणारे होते. नोव्हेंबर १९५३ मध्ये ही लबाडी जाहीर झाली. दाढांवर कानशीचे ओरखडे होते, हाडांना मुद्दाम रंग दिलेला होता. चाळीस वर्षे ते ओरखडे तेथेच होते; कोणी त्या दृष्टीने पाहिले नाही, इतकेच.

मग अपराधी कोण? १९८० साली अमेरिकन शास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांनी फादर तेयार यांच्याकडे बोट दाखवले. दुसऱ्या जागेविषयी डॉसन आपल्याशी १९१३ मध्येच बोलले होते, असे फादरांनी वृद्धापकाळी ओकलींना लिहिले होते. १९१५ चा शोध त्यांना आधीच कसा ठाऊक, हा गूल्ड यांचा प्रश्न. चाळीस वर्षांनंतरच्या आठवणीवर एवढा भार टाकणे मला न्याय्य वाटत नाही. आरोपाला उत्तर देण्यास फादर तेयार हयातही नव्हते. १९५५ साली पुनरुत्थान रविवारीच न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले होते.

२०१६ साली इसाबेल द ग्रूट व सहकाऱ्यांनी आधुनिक साधनांनी अवशेषांची पुन्हा तपासणी केली. दोन्ही जागांचे दात बहुधा एकाच ओरांगउटानचे निघाले, आणि आतील पोकळीत खडी भरून ती बुजवण्याची पद्धतही एकच. दुसऱ्या जागेचे तुकडे केवळ डॉसन यांनीच आणले होते. १९१५ मध्ये फादर तेयार महायुद्धाच्या आघाडीवर जखमींचे स्ट्रेचर वाहत होते. संशोधकांनी हे एकाच माणसाचे, बहुधा डॉसन यांचे, कृत्य ठरवले. डॉसन १९१६ साली निवर्तले. त्यानंतरही वुडवर्ड पिल्टडाउनला अनेक वर्षे खोदत राहिले. महत्त्वाचे असे काहीच त्यांच्या हाती लागले नाही.