एमबीबीएसमध्ये लीडरशिपही शिकवतात का?

होय. २०१९ पासून लागू झालेल्या एमबीबीएस अभ्यासक्रमात डॉक्टरच्या पाच भूमिका सांगितल्या आहेत: उपचार करणारा, आरोग्य पथकाचा नेता आणि सदस्य, उत्तम संवादक, आयुष्यभर शिकणारा आणि मूल्यं पाळणारा व्यावसायिक. त्यासाठी ‘एटकॉम’ हा भाग आहे. म्हणजे वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद. रुग्णाची संमती कशी घ्यायची, वाईट बातमी कशी सांगायची, हे त्यात येतं. ‘कुटुंब दत्तक’ उपक्रमात विद्यार्थी थेट घरोघरी जातात.

कस लागतो तो साडेचार वर्षांनंतर, वर्षभराच्या इंटर्नशिपमध्ये. रात्रीच्या वॉर्डात सिस्टर, वॉर्डबॉय आणि घाबरलेले नातेवाईक समोर असतात. अशा वेळी न संकोचता सीनियरला वेळेत फोन करणं, हेही नेतृत्वच. त्यावर रुग्णाचा जीव अवलंबून असू शकतो.