कलरकोट आणि राखीव गडी

यवतमाळ जिल्ह्यातल्या महाविद्यालयीन खेळाडूला मिळणाऱ्या मानांपैकी राखीव खेळाडूपर्यंत पोहोचणारा मान म्हणजे विद्यापीठाचा कलरकोट. विद्यापीठाच्या चमूत निवड होऊन आंतरविद्यापीठ स्पर्धेला गेलेल्या खेळाडूला हा कोट मिळतो. कबड्डीच्या चमूत बारा जण असतात, मैदानात सात उतरतात आणि पाच बाहेर बसतात. खो-खोतही बाराच, त्यांतले नऊ खेळणारे आणि तीन राखीव. कोट शिवताना मात्र आत कोण होता आणि बाकावर कोण होता याची विचारणा होत नाही. राखीव खेळाडूच्या जिद्दीची दखल घेण्याची आपल्याकडची रीत ती एवढीच, आणि तीही काहीशी अनवधानानेच पडलेली.

या कोटाचे मूळ इंग्लंडमधल्या विद्यापीठांत आहे. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांची पहिली बोटशर्यत 1829 साली झाली. केंब्रिजने 1836 च्या शर्यतीत फिकट निळी फीत लावली आणि पुढे ‘ब्लू’ हा तिथल्या खेळाडूचा सर्वोच्च मान ठरला. हा मान मुख्य लढतीत उतरणाऱ्याचा. राखीव वल्हेकऱ्यांची सोय वेगळ्या वाटेने झाली. ऑक्सफर्डच्या राखीव नावेला ‘आयसिस’ आणि केंब्रिजच्या राखीव नावेला ‘गोल्डी’ अशी नावे मिळाली आणि 1965 पासून या दोन नौकांची स्वतःची शर्यत सुरू झाली. आपल्या विद्यापीठांनी कोट उचलला, पण राखीवांची वेगळी लढत काही उचलली नाही.

यवतमाळची महाविद्यालये आधी नागपूर विद्यापीठाखाली होती. ते विद्यापीठ 1923 साली स्थापन झाले. दोनच वर्षांनी, 1925 मध्ये, देशातल्या विद्यापीठांचे आंतरविद्यापीठ मंडळ उभे राहिले. हेच मंडळ पुढे भारतीय विद्यापीठ संघ झाले, आणि आंतरविद्यापीठ स्पर्धांची व्यवस्था आजही त्याच्याकडेच आहे. स्पर्धांतल्या एकूण कामगिरीसाठी विद्यापीठाला मिळणारा मौलाना अबुल कलाम आझाद करंडक 1956-57 पासूनचा. तो संस्थेचा मान; त्यात एकेका खेळाडूचे नाव कुठे दिसत नाही.

यवतमाळच्या खेळाडूंच्या दृष्टीने खरी महत्त्वाची तारीख 1 मे 1983. त्या दिवशी अमरावती विद्यापीठ सुरू झाले आणि यवतमाळ, अमरावती, अकोला, बुलढाणा हे जिल्हे नागपूरपासून वेगळे झाले. तोवर विदर्भातल्या नऊही जिल्ह्यांची मुले एकाच चमूतल्या बारा जागांसाठी झुंजत. विद्यापीठे दोन झाली तेव्हा चमूही दोन झाले आणि बाराच्या चोवीस जागा झाल्या. यवतमाळचे अमोलकचंद महाविद्यालय किंवा पुसदचे फुलसिंग नाईक महाविद्यालय अशा ठिकाणच्या मुलांना निवड चाचणीसाठी जायचे अंतरही घटले. नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर आणि अमरावती नव्वद, हा यवतमाळहून मोजलेला फरक एसटीने जाणाऱ्याला चांगलाच जाणवतो. कबड्डीच्या वाढलेल्या बारा जागांमध्ये पाच जागा राखीवांच्या होत्या, हे सहसा कोणी मोजत नाही.

अमरावतीला खेळाची परंपरा विद्यापीठाच्या कितीतरी आधीची आहे. श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ तिथे 1914 साली सुरू झाले. बर्लिनच्या 1936 च्या ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने देशी खेळांची प्रात्यक्षिके केली आणि त्यांत हुतूतू म्हणजेच कबड्डीही होती. मंडळाच्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयातून शिकून गेलेले शिक्षक पुढे वऱ्हाडभर पसरले. पुण्यात डेक्कन जिमखान्याने खो-खोच्या नियमांना आकार दिला तो काळही हाच.

कबड्डी आणि खो-खो या दोन्ही खेळांत बाहेर बसणे हा खेळाचाच भाग आहे. हुतूतूच्या जुन्या गामिनी प्रकारात बाद झालेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच राही. संजीवनी प्रकारात प्रतिपक्षाचा एक गडी बाद झाला की आपला एक जिवंत होई, आणि आजच्या कबड्डीने हीच पद्धत घेतली. जिवंत व्हायचे तेही बाद झाल्याच्या क्रमाने. त्यासाठी मैदानाच्या अंतिम रेषेमागे दोन मीटरवर बसण्याचा पट्टा आखलेला असतो. पुरुषांसाठी तो आठ मीटर लांब आणि एक मीटर रुंद असतो. राखीव गडी या पट्ट्यात बसत नाही, त्याची जागा निराळी. पंचांच्या परवानगीने, टाइम-आउटला किंवा मध्यंतरात तो आत येऊ शकतो. पण बाद होऊन पट्ट्यात बसलेल्याच्या बदली त्याला घेता येत नाही, आणि पंचांनी बाहेर काढलेल्या खेळाडूच्या जागीही नाही. संघाची सर्वाधिक अडचण होते नेमक्या त्याच वेळी राखीवाचे हात बांधलेले असतात, असा हा नियम.

खो-खोत तर खेळणाऱ्या नऊ जणांनाही थांबावे लागते. पळणारे तीन-तीनच्या तुकडीने येतात. पहिली तुकडी दमाची निघून वेळ संपेपर्यंत टिकली, तर उरलेले सहा जण न पळताच परततात. संघासाठी ही उत्तम गोष्ट, त्या सहांच्या नावापुढे मात्र गुणपत्रिकेत काहीच चढत नाही.

आपल्या क्रीडा पुरस्कारांचा सगळा भर याच गुणपत्रिकेवर आहे. राष्ट्रीय खो-खो स्पर्धेत सर्वोत्कृष्ट पुरुष खेळाडूला एकलव्य, महिलेला राणी लक्ष्मीबाई, कुमारांना वीर अभिमन्यू आणि मुलींना जानकी पुरस्कार दिला जातो. द्रोणाचार्यांनी शिष्यांत न घेतलेला, बाहेर राहूनच विद्या मिळवलेला एकलव्य खरे तर राखीवांचे दैवत शोभला असता. त्याच्या नावाचा मान मात्र मैदान गाजवणाऱ्याला जातो. महाराष्ट्र शासनाचा शिवछत्रपती पुरस्कारही 1969-70 पासून कामगिरी मोजूनच दिला जात आला आहे.

राखीवाच्या वृत्तीलाच मान देणारी जुनी महाविद्यालयीन परंपरा अमेरिकेत टेक्सास ए अँड एम इथे सापडते. डॅलसमध्ये 2 जानेवारी 1922 रोजी त्यांचा सेंटर कॉलेजशी फुटबॉल सामना होता. एकामागून एक खेळाडू जखमी होऊ लागले तेव्हा प्रशिक्षक डॅना बायबल यांनी प्रेक्षकांतून ई. किंग गिल या विद्यार्थ्याला बोलावले. फुटबॉल सोडून बास्केटबॉलकडे वळलेला गिल जखमी सहकाऱ्याचा पोशाख चढवून सामना संपेपर्यंत कडेला उभा राहिला. त्याला उतरावे लागलेच नाही, आणि संघ 22-14 असा जिंकला. प्रशिक्षक जॅकी शेरिल यांनी 1983 मध्ये शिष्यवृत्तीविना खेळणाऱ्या विद्यार्थ्यांची ‘बारावा गडी’ तुकडी उभारली. पुढे अशाच एका निवडक खेळाडूला बारा क्रमांकाचा पोशाख देण्याची प्रथा पडली.

पदकांच्या बाबतीत ऑलिंपिकही फार काळ हात आखडताच घेत राहिले. हॉकीचा चमू सोळांचा असे, वरचे दोघे केवळ पर्यायी. करोनामुळे टोकियोत हे दोघेही चमूत धरले गेले. त्यांतल्या सिमरनजित सिंगने 5 ऑगस्ट 2021 रोजी जर्मनीविरुद्धच्या कांस्यपदकाच्या सामन्यात दोन गोल केले आणि भारत 5-4 असा जिंकला.

महाराष्ट्रात राखीवाला कोटापलीकडे जे मिळते ते प्रमाणपत्रातून. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षणाचा निर्णय 30 एप्रिल 2005 चा आहे आणि 2016 मध्ये त्याच्या अटी नव्याने ठरवल्या गेल्या. स्पर्धेचा दर्जा आणि संघाचा क्रमांक यांवर पात्रता ठरत असल्याने सांघिक खेळातल्या राखीवालाही संघाच्या यशात वाटा मिळू शकतो. यवतमाळ, दारव्हा किंवा उमरखेडच्या शेतकरी घरातून आलेल्या मुलाला हा कागद कोटाहून जास्त मोलाचा वाटला, तर त्यात नवल नाही.