ओरुगल्लूचा मातीचा तट

वरंगळचा किल्ला बघायला जाणारी मंडळी चार तोरणांचे फोटो काढतात, दगडी बुरूज बघतात आणि परततात. त्याआधी रस्ता मातीच्या एका लांबलचक उंचवट्यातून आत शिरतो, तिकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. तलावाचा बांध असावा असंच वाटतं. प्रत्यक्षात तो काकतीयांच्या राजधानीचा, ओरुगल्लूचा तट आहे.

या राजधानीला तीन वर्तुळाकार तट होते. आतला दगडी, सुमारे १.२ किमी व्यासाचा, ४५ बुरुजांचा. त्याबाहेर मातीचा, सुमारे २.४ किमी व्यासाचा. त्याहून बाहेरचा, साडेबारा किमी व्यासाचा, तोही मातीचाच. गणपतिदेव (११९९–१२६२) आणि त्याची मुलगी रुद्रमादेवी यांच्या काळातलं हे काम.

मी पेशाने स्थापत्य अभियंता, म्हणून आधी हिशोब मांडतो. मधल्या तटाचा परीघ भरतो साडेसात किमी, उंची सुमारे ६ मीटर. एवढा दगड फोडून, घडवून, वाहून आणायचा म्हणजे किती माणसं आणि किती बैल! मातीचं तसं नाही. तटाबाहेर सुमारे ४५ मीटर रुंदीचा खंदक आहे. खणलेली माती तिथेच आतल्या बाजूला टाकून धुमसली, की एकाच कामात खंदकही झाला आणि तटही. हे तंत्र काकतीयांच्या मुलखात घरचंच होतं. पाखाल आणि रामप्पा हे तलाव मातीच्या बांधांवरच उभे आहेत.

म्हणून मातीचा तट म्हणजे कमी खर्चाची तडजोड, असं मानू नये. १३१० मध्ये मलिक काफूरने वेढा घातला, त्याचं वर्णन अमीर खुसरोने केलंय. पोलादी भाला या भिंतीत घुसत नाही आणि यंत्राने फेकलेला गोळा आदळून परत उडतो, असं तो सांगतो. दरबारी कवीची अतिशयोक्ती वजा केली तरी मुद्दा उरतोच: दगड धक्क्याने तडकतो, माती धक्का पोटात घेते. अखेर काफूरच्या फौजेने हा तट ओलांडला, तेव्हा पुढे पाण्याने भरलेला दुसरा खंदक आणि दगडी कोट उभा होता. प्रतापरुद्राने तह केला. राजधानी कायमची पडली ती १३२३ मध्ये, उलुघ खानाच्या स्वारीत.

राज्य गेलं, वस्ती मात्र राहिली. दगडी कोटाच्या आत आजही घरं आहेत, शेतं आहेत, आणि गावचा रस्ता त्याच जुन्या दरवाजांतून वळणं घेत जातो. मातीच्या तटाला अशा शेजाराची गरजही असते, कारण पावसाळ्यात घळी पडतात आणि त्या वेळच्या वेळी बुजवाव्या लागतात.

पण हाच शेजार त्याच्या मुळावरही येऊ शकतो. दगड निखळला तर डोळ्यांना खटकतो. माती घमेल्याघमेल्याने जाते, उतारावर एखादी खोली उठते, आणि काही वर्षांनी तिथे तट होता हे सांगूनही पटत नाही. सातशे वर्षांपूर्वी फौजेला अडवणारी भिंत आज निव्वळ ‘माती’ समजली जाते, हाच तिला खरा धोका आहे.