आंध, अंध आणि आंध्र

या वीकांताला थोडा इतिहास आणि थोडं आमच्या धंद्यातलं.

'वकिलांचे कागद आता एआय वाचणार' हे हल्ली सारखं कानावर येतं. हजार पानांचा गठ्ठा टाकायचा, चहा पिऊन यायचं, सारांश तयार! पण कागद वाचणं म्हणजे नक्की काय, हे समजून घ्यायचं असेल तर यवतमाळ जिल्ह्याच्या इतिहासात डोकवावं असं मला वाटतं.

६ सप्टेंबर १९५० ला राष्ट्रपतींनी अनुसूचित जमातींचा आदेश काढला. विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता. यवतमाळ जिल्ह्यात तालुके पाच: यवतमाळ, केळापूर, वणी, दारव्हा आणि पुसद. आदेशात जमातींच्या नावांबरोबर ती यादी कुठे लागू, तेही लिहिलेलं होतं. आपल्या जिल्ह्यातले त्यात तीनच तालुके: केळापूर, वणी, यवतमाळ. दारव्हा आणि पुसद गायब! म्हणजे केळापूरचा गोंड कायद्याने अनुसूचित जमातीचा, आणि दारव्ह्यात राहणारा त्याचा साडू मात्र नाही.

पुसदकडची गंमत अजून वेगळी. (गंमत कसली म्हणा.) त्या भागात आंध जमातीची वस्ती मोठी. पैनगंगा ओलांडली की तेव्हाचं हैदराबाद राज्य, आणि तिथल्या यादीत आंध होते. १९५६ च्या सुधारणेतही नांदेड, परभणी हे जिल्हे पूर्ण घेतले, पण यवतमाळचे तालुके तेच तीन राहिले. नदीच्या एका काठावर आदिवासी, दुसऱ्या काठावर नाही. ही क्षेत्राची अट उठली ती १९७६ च्या कायद्याने, आणि तो लागू झाला २७ जुलै १९७७ ला.

आता पुढची पायरी. खोट्या दाखल्यांवर जागा लाटल्या जातात म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये माधुरी पाटील प्रकरणात पडताळणी समित्यांची पद्धत घालून दिली. मग महाराष्ट्राने कायदा केला, तो ऑक्टोबर २००१ पासून अमलात आला. त्यात पुराव्याचा भार अर्जदारावर आहे. मी कोण आहे हे मीच सिद्ध करायचं! कशाने? आजोबा-पणजोबांच्या शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर, कोतवाल बुकातली जन्माची नोंद, जुने महसुली कागद, कधी मोडीतले. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की स्वातंत्र्यपूर्व कागदांना जास्त वजन द्यावं. आणि दावा खोटा ठरला तर नोकरीही जाते, हे २०१७ च्या निकालाने पक्कं झालं. थोडक्यात, कुणा मास्तराने १९३५ साली बोरूने लिहिलेल्या एका शब्दावर आज एखाद्या मुलीची मेडिकलची सीट अवलंबून असू शकते.

हा गठ्ठा एआयला दिला तर काय होईल?

पहिली अडचण वाचण्याचीच. भाषेची मॉडेल्स अंदाज बांधतात, आणि अंदाज नेहमीच्या शब्दांकडे झुकतो. पुसट अक्षरात 'आंध' असेल तर 'अंध' किंवा 'आंध्र' वाचलं जाण्याचा धोका मोठा. 'कोलाम' ही यवतमाळची आदिम जमात, एक काना गेला की तांदूळ झाला :-) यंत्र हे 'सुधारून' देतं आणि वर काही सांगतही नाही.

दुसरी अडचण जुळवणीची. यादीत 'गोंड गोवारी' आहे. गोवारी म्हणजेच ते का, या प्रश्नावर २३ नोव्हेंबर १९९४ ला नागपुरात मोर्चा निघाला आणि चेंगराचेंगरीत ११४ माणसं गेली. उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये गोवारींच्या बाजूने निकाल दिला, सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०२० ला तो फिरवला. सॉफ्टवेअरच्या भाषेत ही नुसती 'अर्धवट मॅच'. माणसांसाठी तो पाव शतकाचा लढा.

तिसरी अडचण सगळ्यात फसवी. पुसदच्या एखाद्या आंध कुटुंबाकडे १९७७ पूर्वीचं एकही जमातीचं प्रमाणपत्र नाही. यंत्र म्हणेल, संशयास्पद. अहो, तेव्हा त्यांना ते मिळणारच नव्हतं! कागद नसण्याचं कारण कागदात सापडत नाही, ते इतिहासात असतं. चूक उलटीही होऊ शकते. खोटा दावा पास झाला तर खऱ्या कोलामाच्या पोराची जागा जाते.

मग एआय वापरूच नये का? तसं मी म्हणणार नाही. न्यायमूर्ती शिंदे समितीचं उदाहरण घ्या. ऑक्टोबर २०२३ पर्यंत मराठवाड्यातल्या १ कोटी ७३ लाख कागदांत त्यांना कुणबी नोंदी सापडल्या ११,५३०. एवढं डोळ्यांनी चाळताना माणूसही थकतो, आणि थकला की त्याच्या नजरेतूनही नोंद सुटते. हुडकायच्या कामाला यंत्र हवंच.

पण काही पथ्यं पाळून. यंत्राने दाखवलेल्या प्रत्येक नोंदीशेजारी मूळ पानाचा फोटो हवा. शब्द जसाच्या तसा उतरवावा, शंका असेल तिथे शंका म्हणून खूण करावी. 'काही सापडलं नाही' असं म्हटलेल्या गठ्ठ्यांतले थोडे गठ्ठे माणसाने पुन्हा उघडून बघावेत, कारण खरी हानी तिथे लपते. लोकांच्या पणजोबांचे कागद कुठल्याही फुकट साइटवर चढवू नयेत. आणि सही करणाऱ्याने पान स्वतः बघितलेलं असावं.

हे शेवटचं आता कोर्टही सांगतंय. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आयकराचा एक आदेश रद्द केला, कारण त्यात आधार दिलेले निकाल अस्तित्वातच नव्हते. यंत्र जे देईल ते डोळे झाकून घेऊ नका, तपासून घ्या, असं न्यायालयाने बजावलं.

आम्ही आयटीवाले 'अचूकता ९८ टक्के' म्हणून खूश होतो. शंभर अर्जांत उरलेले दोन जण कोण, हे विचारायची सवय आम्हाला लावून घ्यायला हवी. कदाचित त्यातला एक पुसदचा असेल.