जुन्या डिझेल मोटारीतील स्वयंचलित गिअरबदलाचे दोषनिदान : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

स्वयंचलित गिअर प्रणालीचे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन १९४० च्या ओल्डस्मोबाइल मोटारींपासून सुरू झाले. पुढे अनेक पेट्रोल मोटारींत इंजिनावरील भार हवेच्या नळीतील निर्वातावरून गिअरपेटीला कळत असे. जर्मन बनावटीच्या मर्सिडीज-बेंझ डब्ल्यू १२३ मालिकेतील (१९७६–१९८६) ३०० डी या डिझेल मोटारीत मात्र हवा अडविणारी झडप नसल्याने असा निर्वात निर्माण होत नसे. त्यासाठी इंजिनावर चालणारा स्वतंत्र पंप होता. ब्रेकचे साहाय्य, इंजिन बंद करण्याची यंत्रणा आणि मध्यवर्ती कुलपेही त्याच पंपावर अवलंबून होती.

परिणामी, दाराच्या कुलपाकडे जाणारी एखादी नळी गळली तरी गिअरपेटीतील तेलाचा दाब वाढून गिअर धक्क्याने बदलू शकत असे. धक्का म्हणजे गिअरपेटीची झीज, हा समज येथे दिशाभूल करणारा व खर्चिक ठरतो. प्रथम तेलाची पातळी, नंतर ॲक्सिलरेटरची जोडणी, त्यानंतर मापकाने निर्वात तपासणे आणि गिअरपेटी अखेरीस उघडणे, हाच तर्कसंगत क्रम होय.

अमेरिकेत १९९६ पासून नव्या मोटारींना ओबीडी-२ प्रणाली सक्तीची झाली व दोषसंकेत यंत्रच देऊ लागले. तत्पूर्वीचे निदान हे कारागिराच्या कार्यकारणभावाच्या आकलनावर उभे होते. तंत्रज्ञानाच्या इतिहासात या ज्ञानाचीही नोंद होणे आवश्यक आहे.